बोरांशिवाय बोरन्हाण

"हात दे रे राजा. असा नाही, असा," आई मिहिरला म्हणत होती.

भोगीचा दिवस होता. स्वयंपाकघरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांची चवड होती, आणि गिरीश कढईत डोकावून भाजीत नक्की काय काय पडलंय ते ओळखायचा खेळ खेळत होता. वांगं, गाजर, पावटा, हरभरा. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मिहिर उताणा पडला होता आणि आई त्याच्या अंगात अर्धवट शिवलेलं काळं झबलं घालून बघत होती. काळ्या कापडावर पांढऱ्या चांदण्या. ते कापड तिनं वाईहून येतानाच आणलं होतं, बोरन्हाणासाठी. पहिल्या संक्रांतीला बाळाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे ओतायचे, आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. मिहिरच्या आधी आमच्या घरात कित्येक वर्षं बाळ नव्हतं, त्यामुळे आईचा उत्साह जरा जास्तच होता.

डावी बाही गेली. उजवी जाईना. मिहिरनं तो हात कोपरात दुमडून छातीशी धरला होता, अंगठा मुठीत आत घालून. आई हळूहळू हात सोडवी आणि तो स्प्रिंगसारखा परत जागेवर जाई.

"हट्टी आहे. आजोबांवर गेलाय," आई म्हणाली.

"आजोबांवर की आजीवर?" गिरीश आतून म्हणाला.

"जावईबापू, तुम्ही भाजीतली वांगी मोजा."

तिनं पिशवीतून कात्री काढली, खांद्यापासून मनगटापर्यंत बाही उसवली आणि कडांना नाड्या लावायला घेतल्या. "आता याला हात सरळ करायला नको. झबलंच त्याच्याभोवती बांधायचं. त्याला कळायचं पण नाही."

मी तिच्या पाठीशी उभी राहून ते बघत होते आणि मनात म्हणत होते, किती छान सुचलं हिला. दुसरं काहीही माझ्या मनात आलं नाही. मिहिर जन्मल्यावर उशिरा रडला होता, काही दिवस काचेच्या पेटीत होता. आठ महिन्यांचा झाला तरी बसत नव्हता, मान कलंडत होती. आमच्या डॉक्टरांनी मिरजेला लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं, तपासण्या झाल्या होत्या. पण सगळे म्हणत होते, मुलगे आळशी असतात. मीही म्हणत होते.

आई गेली त्याला येत्या भोगीला वर्ष होईल. तिची मशीन मी सांगलीला आणून ठेवलीय. परवा तिचा खण उघडला तर आत त्याच नाडीचं उरलेलं रीळ होतं.

आईबद्दल एक सांगायला हवं. तिला गप्प बसता येत नसे. समोरच्यानं कुणालाही प्रश्न विचारला तरी उत्तर तिच्याकडे तयार असे. शाळेत बाई मला विचारत, काल का आली नाहीस, आणि फाटकापाशी सोडायला आलेली आई तिथूनच सांगे, पोट दुखत होतं. गिरीशच्या घरचे मला बघायला आले तेव्हा ते म्हणाले, वाचनाची आवड दिसते. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आवड कसली, ती जेवताना वाचते. भाजीत मीठ नसलं तरी तिला कळत नाही. तुम्हाला बरंच आहे." सगळे हसले आणि लग्न ठरलं. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले, तासन्‌तास वर्गात बोलू लागले. पण आई शेजारी असली की मी आपोआप तिच्याकडे बघायची.

रिपोर्ट घ्यायला आम्ही गेलो तो किंक्रांतीचा दिवस होता. आई किंक्रांत पाळायची, त्या दिवशी नवं काही सुरू करायची नाही. पण ती मिहिरचं दुपटं घेऊन गाडीत बसली.

डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिनं मिहिरला टेबलावर निजवलं, पाय अलग केले, ते पुन्हा एकमेकांवर चढले. मग तिनं टेबलावर टिचकी मारली. मिहिरचे दोन्ही हात हवेत फेकले गेले, अंग ताठ झालं, आणि तो रडायला लागला.

"घरीही असा दचकतो?"

"कुकरची शिट्टी झाली की," आई म्हणाली. "दार आपटलं, वाटी पडली, कुणी शिंकलं तरी. मग बराच वेळ मऊ होत नाही."

डॉक्टरनं मिहिरला माझ्याकडे दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. मेंदूच्या ज्या भागाकडून हातापायांना सूचना जातात तिथे इजा झालीय. हे वाढत जाणार नाही, पण पुसूनही जाणार नाही. व्यायामानं पुष्कळ फरक पडतो, आजपासून सुरू करू. मग तिनं या सगळ्याचं नाव सांगितलं. दोन शब्द.

"चालेल तो?" आईनं विचारलं.

"आजी, ते मला आज सांगता येणार नाही. खोटं सांगणार नाही मी."

"पण कळतं त्याला. मी उठले की बघतो माझ्याकडे."

"हो. कळतं त्याला," डॉक्टर म्हणाली. "ते मलाही दिसतंय."

परत येताना गिरीशनं वाटेत गाडी थांबवली, खाली उतरला, रस्त्याकडेला पाठमोरा उभा राहिला आणि पुन्हा येऊन बसला. मी मिहिरची मूठ उघडत होते. अंगठा बाहेर काढायचा, तो पुन्हा आत जायचा.

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. कॉलेजच्या ग्रंथालयात जे होतं ते, मैत्रिणीकडून मागवलं ते. मेंदूचे नकाशे मला पाठ झाले. पण ते दोन शब्द मी तोंडातून काढले नाहीत. गिरीशनं त्याच्या ऑफिसात सांगितलं, भावाला फोनवर सांगितलं. मी त्या वेळी खोलीतून उठून जायची. माझ्या कॉलेजात मी सांगितलं होतं, बाळाला जरा बरं नाही. घरात मी 'ते' म्हणायची. 'ते'साठीचे व्यायाम. 'ते'वालं पुस्तक.

एकदा दुपारी मिहिरला तेल लावताना आई म्हणाली, "'ते' काय गं 'ते'? नाव आहे त्याला."

"मला ठाऊक आहे नाव."

"मग घे की."

"आई, आत्ता तो मिहिर आहे. मी एकदा बोलले की लोकांना आधी ते नाव दिसेल, मग मिहिर."

आईच्या हाताशी तेलाची वाटी होती. तिनं तळव्यावर तेल घेतलं, दोन्ही हात चोळून ऊब आणली आणि मिहिरच्या मांड्यांवर ठेवले. "मला रोज मिहिरच दिसतो," ती म्हणाली. "नाव डॉक्टरांकडून ऐकलंय मी पण."

वत्सलाआत्यांचा फोन आला तो असाच एका दुपारी. त्या गिरीशच्या आत्या, तासगावच्या बाजूला शेतावर राहतात, एका कानानं कमी ऐकतात आणि त्यामुळे फोनवर ओरडतात. "रथसप्तमी आली गं. बोरन्हाण कधी करताय? का माझ्याशिवाय उरकलंत?"

"या रविवारी," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर आई आणि गिरीश दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"नक्की?" गिरीश म्हणाला. "पुढच्या वर्षीही करतात. घाई नाहीये."

"मला याच वर्षी करायचंय. त्याच्या झबल्यात, त्याच्या दागिन्यांत. एक दिवस. सगळ्यांच्या बाळांसारखा." मी सगळं ठरवूनच टाकलं होतं. पाटावर बसवायचंच नाही, मी मांडीवर घेईन. मान माझ्या कोपरात, वर हलव्याचा मुकुट, कुणाला काही दिसणार नाही. कुणी विचारलं तर नुकताच झोपेतून उठलाय, किरकिरतोय. आत्यांना इतक्यात काही सांगायचं नाही.

"आणि दचकला तर?" गिरीशनं विचारलं.

ते मी ठरवलेलं नव्हतं. मी आईकडे बघितलं.

"तुझं बाळ आहे," आई म्हणाली. "तू ठरव."

हे वाक्य तिनं मला त्याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही. मला वाटलं ती रागावलीय.

रागावली नव्हती. शनिवारी दुपारी मी कॉलेजातून आले तर बाहेरच्या खोलीत दुहेरी गोधडी अंथरलेली, त्यावर मिहिर, आणि त्याच्याशेजारी मांडी घालून आई. तिच्यासमोर वाट्या मांडलेल्या. एकीत बोरं, एकीत शेंगा, करवे, हलवा, छोटी बिस्किटं, चुरमुरे, साळीच्या लाह्या.

"ये, बस. बोलू नको," आई हळूच म्हणाली.

तिनं एक बोर उचललं आणि मिहिरच्या कानापासून हातभर अंतरावर गोधडीवर सोडलं. टप्. मिहिरचे हात उडाले, ओठ थरथरले. आईनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि तो मऊ होईपर्यंत उचलला नाही. मग बोरांची वाटी बाजूला सारली. शेंग. हात उडाले. शेंगांची वाटी बाजूला. करवा तर तिनं टाकलाच नाही, हातात तोलून परत ठेवला. हलव्याला पापण्या मिटल्या, तेवढंच. "हलवा चालेल, पण टोचतो," ती म्हणाली. बिस्किट नाही. चुरमुरे तिनं आधी चिमूटभर सोडले, मग मूठभर, मग ओंजळ त्याच्या पोटावर ओतली. मिहिर थांबला. डोळे मोठे करून त्यानं तो पांढरा पाऊस बघितला. लाह्या त्याच्या गालावर पडल्या तेव्हा तो हसला. आवाज करून हसला.

मी हात तोंडावर ठेवून बसले होते.

"झालं तर मग," आई वाट्या गोळा करत म्हणाली. "लाह्या आणि चुरमुरे. खाली गोधडी. कुकर सकाळीच उरकायचा. फोन बंद. बेलचं बटण काढून ठेवायला सांग गिरीशला. आणि पोरांना आधी सांगायचं, ओरडायचं नाही."

"त्यांनी विचारलं का, तर?"

आईनं एक लाही उचलून तोंडात टाकली.

"तू काहीतरी सांग ना, आई. तुला सुचतं बरोबर."

"हं," ती म्हणाली. मी ते हो समजले.

रविवारी दुपार कलल्यावर शेजारची मुलं आली. पाटणकर काकूंची नात ओवी सगळ्यात मोठी, म्हणजे पहिलीतली, आणि तिच्या मागून आणखी तिघंचौघं. आई त्यांना दारातच भेटली आणि म्हणाली, आज आपण मांजरासारखं लुटायचं, पावलांचा आवाज करील तो बाद. मुलांना हे इतकं आवडलं की ती चवड्यांवर चालत आत आली. पाटणकर काकू कौतुकानं बघत होत्या. वत्सलाआत्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर मोठी कापडी पिशवी घेऊन.

मी मिहिरला घेऊन गोधडीवर बसले. काळं झबलं नाड्यांनी बांधलेलं, मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, छातीशी दुमडलेल्या हातावरही वाकी बसली होती. आईनं ती मागून उघडी ठेवली होती. आत्यांनी त्याची दृष्ट काढली. "गोरा झालाय गं. पण खाली ठेव की त्याला पाटावर, बसू दे रुबाबात."

"नुकताच उठलाय, आत्या. किरकिर करतोय."

"किरकिर कुठं, हसतोय तो."

खरंच हसत होता. मी आईला ओवाळायला सांगितलं. तिनं ओवाळलं, मग लाह्या-चुरमुऱ्यांचं भांडं उचललं आणि पहिली ओंजळ त्याच्या मुकुटावरून सोडली. लाह्या त्याच्या खांद्यांवरून माझ्या मांडीत घरंगळल्या. मुलं मांजरासारखी सरसावली. गिरीश फोटो काढत होता आणि मला वाटलं, जमलं. हा दिवस आम्हाला मिळाला.

"अगं शैलाताई," आत्या आईला म्हणाल्या, "बोरं कुठायत?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

"चांगली मिळाली नाहीत, आत्या," मी म्हणाले. "किडकी होती."

"सांगलीत बोरं नाहीत? बोरन्हाणाला नुसते चुरमुरे? पोराचं न्हाण आहे का भेळेची तयारी?" पाटणकर काकू हसल्या. आत्यांना आणखी चेव आला. "मला माहीतच होतं. तुम्हा शिकलेल्या लोकांचं सगळं असं अर्धं. म्हणून मी आणलीत." त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं. टपोरी, लालसर पिवळी बोरं होती, ताजी. "आमच्या बांधावरची. त्याच्या आजोबांनी लावलेलं झाड आहे. या रे पोरांनो, ओंजळी करा. तुम्हीच घाला त्याच्या डोक्यावर."

मांजरं विसरून मुलं पिशवीभोवती जमली. आत्या ओंजळी भरत होत्या, अगदी मनापासून, एकेकाच्या हातात मावतील तेवढी. त्यांनी ती पहाटे उठून स्वतः वेचली असणार. पदराला काट्यांनी सुटलेले धागे दिसत होते. ओवी सगळ्यात आधी आली. दोन्ही हात मिहिरच्या डोक्यावर नेऊन उभी राहिली आणि सगळ्यांनी बघावं म्हणून थांबली.

"थांब," मी म्हणाले.

ओवी थांबली. ओंजळ तशीच वर.

"का गं?" आत्या म्हणाल्या. "धुतलेली आहेत."

मी आईकडे बघितलं. ती भांडं मांडीवर घेऊन माझ्यासमोर हातभर अंतरावर बसली होती. तिला ओवीची ओंजळ दिसत होती, माझा चेहरा दिसत होता. तिनं काहीही म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मिहिरला सर्दी आहे. बोरं आधी देवाला दाखवू. ओवी, ही बोरं तुम्हालाच गं, चला अंगणात. इतक्या वर्षांच्या सवयीनं मला माहीत होतं की ती आता बोलणार, आणि मी वाट बघत राहिले. आई मान खाली घालून भांड्यातले चुरमुरे बोटांनी सारखे करू लागली. मग तेही थांबवून तिनं हात मांडीवर ठेवले.

पुढे पुष्कळ वर्षांनी, मिहिर चाकांच्या खुर्चीतून शाळेत जायला लागला होता तेव्हा, मी तिला एकदा विचारलं होतं, तू त्या दिवशी गप्प का बसलीस. ती मटार सोलत होती. "मी बोलले असते तर पुढच्या वेळी पण मलाच विचारलं असतं," ती म्हणाली. "मी कुठवर येणार होते तुमच्या मागे?" आणि मग पुढची शेंग उचलत, "जीभ चावून बसले होते बाई. एवढा त्रास मला कधी झाला नव्हता."

पण त्या दुपारी मला एवढंच दिसलं की आई बोलत नाहीये.

मिहिरच्या ओठाला एक लाही चिकटली होती आणि तो जिभेनं तिला शोधत होता. ओवीचे हात दमून किंचित हलायला लागले होते. वरचं एक बोर कडेला आलं होतं.

"मिहिरला सेरेब्रल पाल्सी आहे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. गिरीशनं कॅमेरा खाली घेतला. पाटणकर काकूंनी पुढे होऊन ओवीच्या ओंजळीखाली आपला पदर धरला. आत्यांनी चांगला कान माझ्याकडे वळवला आणि त्यामागे हात लावला.

"काय म्हणालीस?"

आईनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण ओठ तसेच मिटलेले. तिनं चुरमुऱ्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

मी मिहिरची मान कोपरातून काढून माझ्या छातीशी नीट टेकवली, जशी रोज व्यायामाच्या वेळी टेकवत होते, सगळ्यांना दिसेल अशी.

"मिहिरला सेरेब्रल पाल्सी आहे, आत्या," मी आत्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, पण मिहिर दचकणार नाही अशा बेतानं. "जन्मताना त्याच्या मेंदूला इजा झालीय. त्याला अजून बसता येत नाही. पुढं काय काय येईल ते आम्हाला माहीत नाही. त्याला सगळं कळतं. पण काही पडल्याचा आवाज झाला की तो फार घाबरतो, म्हणून बोरं नाहीत. मिळाली नाहीत असं नाही. तुमची बोरं आपण सगळे खाऊ. ओवी, ती खाली ठेव आणि हे चुरमुरे घे. हळू सोड. त्याला आवडतं."